उपाशी ठेवायचं शेवाळ

माझी बायको शेवाळ सांभाळते. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे टाक्या घासते का?" घासत नाही हो, सांभाळते! कुणी कोंबड्या सांभाळतं, कुणी दुसऱ्याची पोरं सांभाळतं, तशी ही समुद्राच्या पाण्यातलं शेवाळ सांभाळते. ते इतकं बारीक असतं की एकेकटं कुणाच्या बापाला दिसायचं नाही. लाखोंनी जमलं की पाण्याला रंग चढतो, तेव्हा कळतं की आत कुणीतरी राहतंय.

मी शिंपी. होतो म्हणायला पाहिजे, पण अजून जीभ वळत नाही. बाजाराच्या रस्त्यावर औषधांचं दुकान आणि कुलपांचं दुकान यांच्या मधे माझी चिंचोळी जागा होती. एक मशीन, एक आरसा, आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. त्या बाकड्यावर गिऱ्हाइकं कमी आणि रिकामटेकडेच जास्त बसायचे. सगळे मला मास्तर म्हणतात. माझं दुकान गेलं, पण मास्तर तेवढं राहिलं.

आमची ओळखही कापडातूनच झाली. समुद्रकाठच्या संशोधन केंद्रातून पांढऱ्या कोटांची ऑर्डर आली होती. सगळे आपापला कोट घेऊन गेले, ही एकटी परत आली. म्हणाली, "मास्तर, याला आतून एक खिसा लावून द्या. बाहेरून दिसता कामा नये."

मी म्हटलं, "काय चोरून आणायचंय?"

"आणायचं नाही, न्यायचंय. बिस्किटं."

केंद्राच्या आतल्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता आणि त्याच्याजवळ त्याच्याहून म्हातारं एक कुत्रं. दोघांना ही रोज काहीतरी खायला न्यायची, आणि आत खायच्या वस्तू न्यायला सक्त मनाई. मी खिसा लावून दिला. असा लावला की कोट बनवणाऱ्यालासुद्धा सापडू नये. पुढे लग्न झाल्यावर मला कळलं की हा काही एखाद्या दिवसाचा दयाळूपणा नव्हता, हा स्वभावच होता. भावंडांच्या भल्यामोठ्या घरात ही थोरली. लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटात वाढत आलेली. आमच्या दारात मीटर बघायला आलेला माणूस कधी रिकाम्या पोटी परत गेला नाही. मी चिडायचो. "अगं, तो वीज मोजायला आलाय, जेवायला नाही!" ती म्हणायची, "अहो, तोंड बघा त्याचं. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." तिला समोरच्याचं तोंड बघून भूक कळायची. खरंच कळायची, थट्टा नाही करत.

तिच्या कामाची खोली मी पाहिली आहे, डोळे धड होते तेव्हा. गार खोली, भिंतीभर मांडण्या, प्रत्येक मांडणीला पांढऱ्या नळ्यांचा उजेड, आणि काचेच्या कुप्या हळूहळू डुलत असतात. हिरव्या, पिवळसर, तपकिरी. खारा वास असा की डोळे मिटले तर पायाखाली वाळू शोधाल. तिचं काम म्हणजे जुन्या कुपीतलं थोडं पाणी नव्या कुपीत घालायचं, त्याला ताजा खुराक द्यायचा, आणि पुन्हा उजेडात ठेवायचं. खुराकाला ही मंडळी खाऊ म्हणतात. चांगली शिकलेली, डॉक्टरेटवाली माणसं कपाळाला आठ्या घालून एकमेकांना विचारतात, "हिला खाऊ दिला का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

या सगळ्यांच्या वरच्या डॉक्टरबाई. माझ्या बायकोला ताई म्हणतात, मला मास्तर. हुशार बाई, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं की माशाच्या तेलातला जो भाग मेंदूला आणि हृदयाला चांगला म्हणतात, तो मुळात मासा तयार करत नाही, तो येतो शेवाळातून. मासा फक्त खातो. एका कुपीतल्या द्रव्याने सूज उतरते का ते बघणं चाललं होतं. दुसऱ्या एकीतल्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी वाढायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "मग झालं की औषध!" त्या म्हणाल्या, "मास्तर, काचेच्या बशीत पुष्कळ काही बरं होतं. माणूस बशीत मावत नाही ना." हे बोलताना त्या हसल्या, पण थकल्यासारख्या हसल्या.

आणि मग ते नारिंगी.

मिठागराच्या पाण्यात राहणारं एक शेवाळ आहे. मजेत असलं की हिरवं. त्याला कडक उजेडात ठेवलं, पाणी अजून खारट केलं आणि खाऊ बंद केला, की ते नारिंगी व्हायला लागतं. जीव वाचवायला अंगात एक रंग तयार करतं, उन्हात आपण डोक्यावर पदर घ्यावा तसं. डॉक्टरबाईंचा कयास असा, की हा रंग त्याला उजेडाच्या माऱ्यातून वाचवतो, तर माणसाच्या डोळ्याच्या पडद्यालाही वाचवेल. बशीत वाचवलं होतं. उंदरांतही थोडंफार वाचवलं होतं. आता माणसांत बघायचं होतं.

नारिंगी खोली वेगळी, तिची टाकी वेगळी. आणि केंद्रात एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण पहारेकऱ्यापासून सगळ्यांना पाठ होता: ताईला नारिंगी खोलीत पाठवायचं नाही. ती तिथे गेली की तिचा जीव कासावीस व्हायचा. घरी येऊन मला सांगायची, "अहो, उपाशी ठेवतात हो त्यांना. मुद्दाम." मी म्हणायचो, "त्यांना पोट तरी आहे का?" त्यावर ती माझ्याकडे असं बघायची की मी पुढचा घास गुपचूप गिळायचो. त्या शेवाळाला मी माझी सवत म्हणायचो. पुरुषाला सवत कशी, असं ती विचारायची. मी म्हणायचो, माझ्या नशिबात आहे, तू कोण विचारणारी!

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि एक दिवस मला सुईचं भोक दिसेना.

सुई ओवताना मी उजवा डोळा मिटतो, आधीपासूनची सवय. आधी मी सुईला शिव्या घातल्या. मग दोऱ्याला. मग दोरेवाल्याशी कडाक्याचं भांडलो, की हल्ली तू जाडा माल गळ्यात मारतोस. तो बिचारा हात जोडत होता. घरी आलो आणि जेवताना सहज उजवा डोळा मिटून बायकोकडे बघितलं. तिचे कान दिसले, केस दिसले, खांदे दिसले. मधे जिथे चेहरा पाहिजे तिथे एक करडा डाग, इस्त्री विसरल्यावर कापडावर पडतो तसा. माझ्या हातातला घास खाली पडला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला, तो परत येणार नाही. उजवा अजून चांगला आहे, पण त्याचा भरवसा नाही. आणि त्यांनीच सांगितलं की समुद्रकाठच्या केंद्रातून एक औषध येणार आहे, त्यांच्याकडेच त्याची चाचणी आहे, आजार नुकता सुरू झालेल्यांना घेणार आहेत. "गेलेलं आणत नाही. असलेलं टिकवतं, तेही कदाचित," ते म्हणाले. "नाव लिहू का तुमचं?"

मी बायकोकडे वळलो. तिचंच शेवाळ हो! आयुष्यभर जिला मी सवत म्हणून चिडवलं, तिच्या दारात मी डोळा मागायला उभा.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईंकडे गेली आणि म्हणाली, "ही खेप मी करणार." त्या म्हणाल्या, "ताई, अहो, तुम्हाला झेपायचं नाही. हिरवी करून द्या, पुढचं बाकीचे बघतील." ही हटून बसली. म्हणाली, "यांच्या डोळ्यात जायचंय ते. मीच करणार." शेवटी डॉक्टरबाईंनी किल्ली दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

ते दिवस मी विसरणार नाही. ती घरी आली की मी विचारायचो, "काय म्हणतेय सवत?" ती म्हणायची, "पिवळट झालीय." मग काही दिवसांनी, "आज जरा केशरी वाटली." डोळ्यात तेल घालून जपत होती, आणि जपायचं म्हणजे काय, तर काही द्यायचं नाही. हात मागे बांधून उभं राहायचं. याच काळात घरात मात्र तिने मला खायला घालून घालून नको केलं. तिकडचं सगळं माझ्या ताटात यायचं. मी कुरकुर करायचो आणि खायचो. उजव्या डोळ्याने मी तिला बघून घ्यायचो तेव्हा, चोरून, ती भांडी आवरताना. थट्टा करायच्या आधी ती खालचा ओठ दातात धरते. ते दिसलं की मी आधीच तयार व्हायचो. एवढ्या वर्षांत मी तिला इतकं कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

टाकीतलं शेवाळ काढायला अगदी थोडे दिवस राहिले होते, आणि आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. डॉक्टर उजव्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून बघत राहिले. मग म्हणाले, "इथेही सुरू झालंय. पण वेळ आहे. औषध लगेच सुरू झालं तर बघू."

घरी आलो. तिने वाढलं. मला घास उतरेना. नाही उतरला, काय करू? ती म्हणाली, "दोन घास तरी." मी ताट सरकवलं. ती ताट हातात घेऊन माझ्यासमोर तशीच उभी राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी ताट झाकून ठेवलं आणि आत गेली. सकाळीही मी नुसता चहा प्यायलो. ती कामावर गेली.

दुपारीच परत आली. दारात उभी, पिशवी अजून खांद्यावर. मी विचारलं, "का गं, बरं नाही का?"

ती म्हणाली, "अहो, मी खाऊ दिला."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं कुत्र्याला, नाहीतर कुणाला तरी.

"टाकीला," ती म्हणाली. "हात गेला हो माझा. तुमचं ते सरकवलेलं ताटच डोळ्यापुढे होतं. बाटली उचलली, ओतली, आणि ओतून झाल्यावर कळलं मी कुठे उभी आहे ते."

खाऊ मिळाला की नारिंगी पुन्हा हिरवी व्हायला लागते. रंग कशाला सांभाळेल ती, सुखात आली ना! आणि हिरवी झाली नसती तरी उपयोग नव्हता. ठरल्याप्रमाणे झालं नाही ते माणसाच्या पोटात जाऊ देत नाहीत. हिने ओतल्या ओतल्या डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं होतं. त्यांनी डोकं धरलं म्हणे, पण आवाज चढवला नाही. टाकी रिकामी करायला लावली. आता पुन्हा कुपीपासून सुरुवात, मग टाकी, मग वाळवण, मग तपासण्या. चाचणी एक अख्खा हंगाम पुढे गेली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार आला. मी ओरडलो, "अगं, सगळ्या जगाला खाऊ घालतेस, त्या एका टाकीला तरी सोडायचं होतंस!" शेजारी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. तिने पिशवी खुंटीला लावली, हात धुतले, आणि आदल्या रात्री झाकून ठेवलेलं ताट काढून माझ्यासमोर आणून ठेवलं. आणि मी खाल्लं. रडत रडत खाल्लं, दोघंही रडत होतो, पण खाल्लं सगळं.

त्या हंगामात उजवा डोळा हळूहळू गेला. आधी घड्याळाचे काटे गेले, मग डब्यांच्या टोपणांवरची अक्षरं, मग माणसं. मी मशीन विकलं नाही, झाकून ठेवलं. याच दिवसांत आम्हाला एक युक्ती सापडली. माझा डाग मधोमध आहे, कडेचं दिसतं. म्हणजे जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही. जेवणाच्या टेबलाशी ती खिडकीकडच्या खुर्चीवर बसली आणि मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं, की ती मला दिसायची. पुसट दिसायची, पाण्यातून दिसावी तशी, पण हसतेय की रुसलीय ते कळायचं. सुरुवातीला तिला राग यायचा. "माझ्याशी बोलता आणि कॅलेंडरकडे काय बघता?" मग सवय झाली. खिडकीकडची खुर्ची तिची ठरून गेली.

नवी खेप तयार झाली. चांगला गर्द रंग आला म्हणाली. तिने फक्त हिरवी करून दिली होती, किल्ली परत देऊन टाकली होती. आम्ही दवाखान्यात गेलो. चाचणीत घ्यायला तक्त्यावरची मधली ओळ वाचता यायला हवी होती. मी मान तिरकी केली, कडेने बघितलं, वरची मोठी अक्षरं धडाधड म्हणून दाखवली.

"मास्तर, सरळ बघा," डॉक्टर म्हणाले.

सरळ बघितलं. सरळ काही नव्हतंच. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला सगळं कळलं. घरी येताना बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती.

ते औषध मला लागू पडलं असतं का? देव जाणे. बशीतलं बशीतच राहिलं असतं कदाचित. मी तिला हे हजारदा सांगितलं. ती "हो" म्हणते. तिचं "हो" मला ओळखू येतं, ते पटलेलं नाही.

परवा डॉक्टरबाई घरी आल्या होत्या. चाचणीचं विचारल्याशिवाय मला राहवेना. त्या आधी टाळत होत्या, मग म्हणाल्या, "काही जणांचं बिघडणं थांबल्यासारखं दिसतंय. पण मास्तर, आत्ताच काही म्हणता येत नाही हं." मी म्हटलं, "वा, छान झालं." खरंच छान वाटलं मला, कुणाचा तरी डोळा राहतोय. आणि त्याच क्षणी मनात आलं, त्या लोकांत मी असतो तर? मी सवयीने कॅलेंडरकडे तोंड केलं, हिचा चेहरा बघायला. खिडकीकडच्या खुर्चीवर डॉक्टरबाई बसल्या होत्या.

म्हणजे ही कुठे? मी मान इकडे केली, तिकडे केली. ही माझ्या बरोब्बर समोर बसली होती. डागात.

डॉक्टरबाई गेल्या. हिने जेवण वाढलं, आणि पुन्हा समोरच बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहुण्यांमुळे नव्हतं ते. दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून ही समोरच बसत होती. मला वाटत होतं माझी कडेची नजरही चालली, म्हणून ती दिसत नाही. मी घाबरून गप्प होतो, कुणाला बोललो नव्हतो. आणि ही बाई माझ्याच डागात लपून बसत होती! सगळ्या घरात तिला तोंड लपवायला तेवढी एकच जागा सापडली.

मी म्हटलं, "अगं, तिकडे खिडकीकडे बस."

"इथे बरं आहे."

"मला बरं नाही."

ती हलेना. मी म्हटलं, "हे बघ, ते औषध गेलं ते गेलं. मला त्याची एवढी आस होती ती कशासाठी? पुन्हा सुई ओवायला? मला तुला बघायचं होतं. जे थोडं दिसतं तेही तू काढून घेतेस होय?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती खिडकीकडे आली. मी कॅलेंडरकडे तोंड केलं. केस पार पांढरे झालेत तिचे, मला माहीतच नव्हतं. गालफडं बसलीत. सगळ्यांना खाऊ घालणारी, स्वतः किती दिवस धड जेवली नव्हती कुणास ठाऊक. मी माझ्या ताटातलं उचललं आणि अंदाजाने तिच्या ताटात वाढलं. अर्धं टेबलावर सांडलं असणार.

"जेव," मी म्हटलं. "तोंड बघून कळतंय मला."

तिने खालचा ओठ दातात धरला. किंवा मला तसं वाटलं, इतकं बारीक आता दिसत नाही. ती म्हणाली, "अहो, मग इकडे बघा ना. भिंतीकडे काय बघताय?"

"तुलाच बघतोय," मी म्हटलं, आणि कॅलेंडरवरून तोंड हलवलं नाही.